हजेरीपटावरचा हात

माझी बायको दर्शना गेली, त्याच्या पुढच्या हंगामात तिचा उजवा हात कारखान्यात पुन्हा कामाला लागला. मी भुताखेताचं काही सांगत नाही. गोष्ट सरळ आहे, फक्त सुरुवातीपासून सांगावी लागेल.

मी दिगंबर धुरी. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात बॉयलरवर आहे. सुकवलेली काजूबी वाफेवर काढली की कवच थोडं सैल होतं. मग ती थंड करून वरच्या हॉलमध्ये फोडायला पाठवायची, एवढं माझं काम. वर लांब बाकावर बायका ओळीने बसतात. बी दोन पात्यांच्या मध्ये धरायची, पायाने पट्टी दाबायची, कवच तडकलं की बारीक चाकूने आतला गर अख्खा बाहेर काढायचा. अख्ख्या गराला भाव, तुकड्याला नाही. दर्शना लग्न होऊन आली त्या वर्षापासून त्या बाकावर बसत होती.

आम्ही दोघं एकाच फाटकातून आत जायचो, पण माझी नोकरी होती आणि तिचं नुसतं काम होतं. माझं नाव हजेरीपटावर, मला महिन्याचा पगार, सुट्टी, फंड. तिला किलोवर मजुरी. ज्या दिवशी बसली त्या दिवसाची. आमची मुलगी ऋतुजा शाळेत जायला लागली तेव्हा किलोचा जो दर होता, जवळजवळ तोच ती नोकरीला लागली तेव्हाही होता. मधल्या काळात शेठनी दोन मजले चढवले आणि डब्यावर सोनेरी अक्षरं आली. फोडणाऱ्या बायका निवृत्त होत नसत. हात थरथरायला लागला, गर तुटायला लागले की मुकादम सांगायचा, उद्यापासून येऊ नको. ती बाई आपला चाकू पिशवीत टाकून घरी जायची.

काजूच्या कवचात तेल असतं, ते कातडी जाळतं. पहिल्याच हंगामात दर्शनाची उजवी करंगळी भाजली आणि सांधा आखडला. तेव्हापासून ती करंगळी बाजूला उचलून काम करायची. चार बोटांनी. तरी तिच्या टोपात तुकडे सगळ्यांत कमी असायचे.

बाकावर एक रीत होती, तीही सांगतो. संध्याकाळी प्रत्येकीच्या टोपाचं वजन व्हायचं आणि ठरावीक वजनाच्या खाली गेलं की मजुरी कापली जायची. म्हणून डावीकडची बाई मागे पडली असेल तर तिच्या उजवीकडचीने आपल्या टोपातले मूठभर गर तिच्या टोपात टाकायचे. न बोलता, तिच्याकडे न बघता. ज्या बाईला ताप आहे, जिला दिवस गेले आहेत, जिचं घरात भांडण झालं आहे, तिला ते सांगावं लागायचं नाही. टोप दिसायचा, तेवढं पुरे. एकूण वजन तेच भरत होतं, म्हणून मुकादमही काही म्हणत नसे.

मग हातमोजे आले.

पुण्याहून एक कंपनी आली, बरोबर देवरे नावाच्या इंजिनियर मॅडम होत्या. नाशिककडच्या, वयाने आमच्या ऋतुजापेक्षा थोड्या मोठ्या. मोजा अगदी पातळ होता आणि कोपरापर्यंत येत होता. त्यांनी मला बॉयलरपाशी बसून समजावून सांगितलं होतं, ते मला कळलं तसं लिहितो. बोट हलवायचं असलं की आधी हाताच्या स्नायूंत अगदी बारीक वीज खेळते. मोज्यातल्या तारा ती वीज मोजतात आणि टोकाच्या चकत्या बोटाचा दाब मोजतात. बाकावर छताला कॅमेरे लावले होते, म्हणजे हाताने काय केलं आणि तेव्हा समोर काय होतं, दोन्ही एकत्र नोंदलं जातं. काजू फोडायची यंत्रं पूर्वीही होती, पण ती प्रत्येक बीला सारखाच दाब द्यायची आणि निम्मे गर तोडायची, कारण दोन बिया कधी सारख्या नसतात. बाईचा हात कवच तडकायच्या क्षणभर आधीच दाब कमी करतो. हे तिलाही सांगता येत नाही. हाताला कळतं. तेवढंच त्यांना पाहिजे होतं.

एक अख्खा हंगाम बायकांनी मोजे घातले. त्याबद्दल प्रत्येकीला स्टीलचा एक डबा मिळाला. दर्शनाने तो मला दिला. माझा जुना गळत होता.

पुढच्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. गोव्याला नेलं, बांबोळीच्या हॉस्पिटलात. फार दिवस गेले नाहीत. याच्याविषयी मी जास्त लिहीत नाही. मला ते जमत नाही.

हंगाम सुरू झाला तेव्हा वरच्या बाकाच्या अर्ध्या भागात यंत्रं बसली होती. खांद्यापासून खाली लोखंडी हात, पुढे रबराची बोटं. राहिलेल्या अर्ध्या बाकावर बायका. शेठ, म्हणजे नाबरशेठ, म्हणाले की कोणालाही काढणार नाही. काढलं नाही, हे खरं. पण दर वाढवा म्हणून बायका गेल्या की ते यंत्रांकडे बोट दाखवायचे. ते तर काहीच मागत नाहीत, म्हणायचे.

दर्शनाच्या डावीकडे बसायची ती शर्मिला मोचेमाडकर. तोंडाने फटकळ, पण दर्शनाच्या आजारपणात रोज पेज घेऊन येणारी तीच. एके दिवशी दुपारी ती जिना उतरून बॉयलरपाशी आली आणि म्हणाली, "भावजी, जरा वरती येवा. तुमका काय तरी दाखवचा आसा."

मी वर गेलो. यंत्रांचा भाग काचेने बंद केला आहे, बाहेरून दिसतो. शर्मिलाने मला एका हातासमोर उभं केलं. हात बी उचलत होता, धरत होता, तडकवत होता, गर टोपात टाकत होता. रबराची पाच बोटं होती. पाचवं बोट तो वापरत नव्हता. ते बाजूला उचललेलं होतं.

मी काचेवर हात टेकला. शर्मिला म्हणाली, थांबा जरा.

थोड्या वेळाने डावीकडच्या यंत्रात काहीतरी अडकलं. त्याचा टोप मागे पडला. तेव्हा या हाताने काम थांबवलं, आपल्या टोपात चार बोटं घातली, मूठ भरली आणि डावीकडच्या टोपात सोडली. मग परत बी उचलली.

"सगळेच तसा करतत," शर्मिला म्हणाली. "सगळ्या यंत्रांत ह्यो एकच हात भरलेलो हा. देवरे मॅडम दोन दिवस डोक्याक हात लावून बसली हत. बिघाड म्हणतत त्याका."

त्या दिवशी मी बॉयलरची वाफ वेळेवर सोडायला विसरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

देवरे मॅडमना मी विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. सगळ्या मोज्यांच्या नोंदींत एकीच्या हाताने तुकडे सगळ्यांत कमी केले होते, म्हणून तो हात घेतला आणि त्याच्या प्रती सगळ्या यंत्रांत घातल्या. नोंदीत नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. केस मागे सारणं, चहा पिणं, असल्या हालचाली त्यांनी गाळून टाकल्या होत्या. मूठ मात्र गाळली गेली नाही. संगणकाला ते कामच वाटलं, कारण गर उचलून टोपात टाकणं हेच तर काम. आणि कॅमेऱ्यात डावीकडचा टोप दिसत होता, म्हणून मूठ कधी टाकायची हेही तो आपोआप शिकला. त्यांनी ती हालचाल दाबून बघितली. तशी ती थांबली, पण गर तुटायला लागले. शिकलेली गोष्ट तिथे कप्प्याकप्प्यांत ठेवलेली नसते, सगळी एकमेकांत विणलेली असते, एक धागा ओढला की दुसरा सैल होतो, असं त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी मूठ परत चालू केली.

मला हे ऐकून बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला फार अभिमान वाटला. माणसांना जे दर्शनाकडून काढून घेता आलं नाही ते यंत्रालाही येत नव्हतं.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत काचेपाशी जाऊन उभा राहू लागलो. शर्मिलाने ते पाहिलं आणि बाकावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जिती होती तेव्हा ह्यांका तिच्याकडे बघूक फुरसत नसायची. आता काचेक नाक लावून उभे." बायका हसल्या. मीही हसलो. ती गेल्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच.

पण शर्मिलाच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. त्या सुमारास सरकारने एक नवा नियम काढला होता. कामगाराच्या अंगातून यंत्राने उचललेलं कसब, ते कोणाचं हे ओळखता येत असेल, तर त्या यंत्राचं काम त्या कामगाराचं काम धरायचं. ओळखता येत नसेल तर ते कंपनीचं. नियम कोणी वापरला नव्हता, कारण कंपन्या शंभर जणांच्या नोंदी मिसळून टाकायच्या. आमच्या कारखान्यात मिसळलं नव्हतं. दर्शनाचाच हात घेतला होता आणि तो लपत नव्हता.

शर्मिलाने मला हिशेब नीट समजावला. "फुकटचो हात आमच्या बाजूक बसलो हा, भावजी. तो फुकट करता तोपर्यंत आमचो दर वाढतलो कसो? त्या हाताक आमच्याच दरान मजुरी पडली, तर शेठ आमच्याशी बोलतलो."

बायकांनी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. मागणी अशी होती की हाताचं नाव हजेरीपटावर लागलं पाहिजे, त्याने फोडलेल्या किलोंची मजुरी बाकाच्या दराने धरली पाहिजे. त्यातून एका बाईची मजुरी वारसाला द्यावी, बाकीची बाकाच्या फंडात जावी, रजा आणि ग्रॅच्युइटीसाठी. वारसाला एवढंच चालेल का, असं त्यांनी मला आधी येऊन विचारलं होतं. मी म्हटलं, तिला एका बाईचीच मजुरी मिळायला पाहिजे होती, तेवढी द्या.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात नाबरशेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, सरबत मागवलं. मी त्यांच्या घरचा माणूस आहे, वगैरे झालं. मग म्हणाले की बायकांचं म्हणणं अधिकारी मानणार नाहीत, कारण त्या बायकांचाच त्यात फायदा आहे. साक्ष नवऱ्याची धरतील. आणि यंत्राचा हात कोण ओळखणार? रबर तर आहे. "तू फक्त एवढंच म्हण, दिगंबर. हा हात ओळखता येत नाही. बस."

त्या एका वाक्याचे ते जेवढे देत होते तेवढे मी आणि दर्शनाने मिळून आयुष्यात कमावले नसतील. मी विचार करून सांगतो म्हणालो. तिथल्या तिथे नाही म्हणालो असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही.

कारण ऋतुजा होती. ती मोपा विमानतळावर कंत्राटी कामाला आहे. प्रवाशांच्या बॅगा तपासायच्या पट्ट्यावर बसते. कंत्राटदार तीनदा बदलला आणि प्रत्येक वेळी तिला नवी म्हणून जुन्याच पगारावर घेतलं. तिला पेडण्याला एक लहान खानावळ घालायची होती. जागा बघून ठेवली होती. रविवारी ती घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं तीही म्हणेल, शेठला नाही सांग.

ती म्हणाली, "घे, बाबा."

मी म्हटलं, तुझ्या आईचा हात मी ओळखत नाही असं म्हणू?

"तू काय म्हणतस त्यान आईचो हात बदलतलो? यंत्र तसाच चलतला. तू रोज बघतलंस तसाच. फक्त माझा पुढचा सगळा आयुष्य पट्ट्यावर बसून जावचा नाय." मग म्हणाली, "आई माझी पण होती. तिका विचारलंस तर ती काय म्हणाली असती? पोरीक दी म्हणाली असती."

ती खोटं बोलत नव्हती. दर्शना तसं म्हणालीही असती. पण दर्शनाने शर्मिलाला विचारल्याशिवाय कधी काही ठरवलं नव्हतं, हेही खरं होतं. मी ऋतुजाला एवढंच म्हणू शकलो की तुझ्या खानावळीत ज्या बायका पोळ्या लाटतील त्यांचा दर कोण ठरवणार. तिने बॅग उचलली आणि संध्याकाळच्या एसटीची वाट न बघता कोणाच्या तरी मोटरसायकलवरून गेली. त्यानंतर तिचा फोन येईना. मी केला तर कामात आहे म्हणायची.

सुनावणी वरच्या हॉलमध्येच झाली. अधिकाऱ्यांना हात चालताना बघायचा होता. एका बाजूला नाबरशेठ आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये काच. अधिकारी मला म्हणाले, हा हात तुम्ही ओळखता का?

"ओळखतो, साहेब. माझ्या बायकोचा आहे."

कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी करंगळीचं सांगितलं. वकील म्हणाले की तेलाने बोट भाजलेल्या बायका या तालुक्यात शेकड्याने सापडतील. ते बरोबरच होतं. मग मी मुठीचं सांगितलं. वकील म्हणाले, तो यंत्राचा बिघाड आहे, तसं कंपनीने लेखी दिलंय.

अधिकाऱ्यांनी देवरे मॅडमना विचारलं की हे यंत्राला तुम्ही शिकवलंत का. मॅडमनी शेठकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्यांची नोकरी त्या उत्तरावर होती, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. त्या म्हणाल्या, "नाही. कोणीच शिकवलं नाही. ते हाताबरोबर आलं. आणि काढलं तर हात कामाचा राहत नाही."

त्याच वेळी काचेपलीकडे कुठल्यातरी टोपात मूठ पडली की काय, मी पाहिलं नाही. मी मॅडमकडे बघत होतो. पुढच्या महिन्यात त्यांची कंपनीने बदली केली. त्यांचा अजून दिवाळीला मेसेज येतो.

निकाल बायकांच्या बाजूने लागला. शेठचे वकील शेवटी म्हणाले की एक बाई दिवसाला एवढे किलो फोडूच शकत नाही, मग एका नावावर एवढी मजुरी कशी. अधिकारी म्हणाले, तुमच्या कागदात दर किलोवर आहे, बाईवर नाही. इतकी वर्षं हाच दर तुम्ही धरून होतात. हॉलमध्ये कोणीतरी शिट्टी मारली. बायकांत एवढी चांगली शिट्टी कोण मारतं हे आजपर्यंत कोणी कबूल केलेलं नाही.

हजेरीपटावर दर्शना दिगंबर धुरी हे नाव लागलं. बाकावरच्या इतर सगळ्यांची नावंही त्याच आठवड्यात लागली, कारण यंत्राचा हात कामगार आणि शेजारी बसलेली जिवंत बाई कामगार नाही, असं म्हणायची सोय राहिली नव्हती. पगार क्लार्क पेडणेकर नाव लिहिताना हसत होता. जन्मतारीख काय, विचारलं. मी सांगितली, ती माझ्यापेक्षा वर्षाने मोठी होती. त्याने बोटांवर मोजून पुढच्या रकान्यात निवृत्तीची तारीख घातली. अठ्ठावन्न पूर्ण होतात ती. तेव्हा ती तारीख मी नुसती पाहिली आणि विसरलो.

मधल्या काळात दर दोनदा वाढला. शेठ बुडाले नाहीत. यंत्रं अजून होती, डबे अजून जात होते. शर्मिलाने घरावर पत्रे बदलले. बायका पगारी रजा घ्यायला शिकल्या, आणि त्यालाही वेळ लागला. पहिली रजा घेतली त्या दिवशी शर्मिला अकरा वाजता कारखान्यात येऊन बसली. घरात करमेना, म्हणाली. दर महिन्याला मी दर्शनाची मजुरी घ्यायला बायकांच्या रांगेत उभा राहायचो. त्या रांगेत मी एकटा पुरुष. पेडणेकर नाव पुकारायचा तेव्हा मी "हजर" म्हणायचो. त्याने कधी चेष्टा केली नाही. ते पैसे मी ऋतुजाच्या नावाने टाकत होतो. तिला सांगितलं नव्हतं.

आणि रोज दुपारी काच. आता मला स्टूल दिलं होतं.

मग ती निवृत्तीची तारीख जवळ आली. दोन महिने राहिले तेव्हा नाबरशेठनी मला परत बोलावलं. शेठ थकले होते, मधुमेहाने पाय सुजले होते. या वेळी ते खोटं काही बोलायला सांगत नव्हते. म्हणाले, "अरे, हात आहे तो. त्याला वय कुठलं? अजून वीस वर्षं चालेल. वारसाने सही केली तर मुदतवाढ देता येते, वकिलांनी बघितलंय. मजुरी चालू राहील, उलट वाढवून देतो. तू रोज येऊन बसतोस, मला दिसतं रे. तुझ्याही जिवाला बरं."

हे मी आधीच्या वेळेपेक्षा जास्त वेळ मनात ठेवलं. पैशाचा प्रश्न नव्हता. मूर्ती किंवा फोटो असता तर गोष्ट वेगळी. तो हात हलत होता. बी उचलायच्या आधी तो किंचित थांबायचा, तसं ती थांबायची. तेवढं थांबणं बघायला मी जात होतो. सही केली असती तर मी मरेपर्यंत ते मला बघायला मिळालं असतं.

शर्मिलाला विचारलं. मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, तुमचा हात, तुमची मर्जी. मग चाकू पुसत हळूच म्हणाली, "माझी तारीख तिच्या पुढच्या महिन्यात आसा. शेठ म्हणत होतो, दर्शनाचो हात ऱ्हवलो तर तूय ऱ्हव, पण मगे पटावर नको, पूर्वीसारखा किलोवर."

म्हणजे हात राहिला की पुन्हा तेच. न थकणारा हात बाजूला ठेवायचा आणि थकणाऱ्या बायकांना सांगायचं, बघा, ती जात नाही, तुम्ही का जाता. जिला पटावर आणायला आम्ही एवढं केलं, तिच्याच नावाने पट फाडायचा.

मी ऋतुजाला फोन केला. या वेळी तिने कामात आहे म्हटलं नाही, माझा आवाज ऐकून असेल. मी सांगितलं की हात निवृत्त होऊ देतोय. शेठला नाही म्हणणार आहे. या वेळी शेठ काही वाईट मागत नाहीत, तरी नाही म्हणणार आहे. 

ती म्हणाली, "आणि मगे तू दुपारी जातलंस खंय?"

मी म्हटलं, "तुझ्याकडे येतलंय. जेवूक."

ती रडायला लागली. खानावळ अजून नव्हती, पण मी खात्यातल्या पैशाचं तेव्हा सांगितलं. ती आणखी रडली आणि मग रागावली की आधी का नाही सांगितलंस.

शेवटच्या दिवशी वजन झालं. पेडणेकरने ते नेहमीसारखं लिहिलं. नव्या इंजिनियरने बटण दाबलं आणि सगळ्या यंत्रांचे हात एकदम थांबले. पुढच्या हंगामासाठी शिरोड्याच्या एका मुलीने मोजा घातला आहे. तिने आधी करार वाचला, दोन जागा खोडायला लावल्या, पटावर नाव लागल्यावरच हात पुढे केला. तिला काय दिलं असं मी विचारलं, तर म्हणाली, डबा नको म्हटलं, पगार द्या.

शेठ चार शब्द बोलले. त्यांनी ग्रॅच्युइटीचा चेक माझ्या हातात दिला आणि शालही मलाच घातली, कारण दुसऱ्या कोणाला घालणार. मला वाटलं आता संपलं. मी जिना उतरायला लागलो तर मागे सगळ्या बायका.

आमच्याकडे निवृत्त झालेल्या माणसाला घरापर्यंत पोचवतात. शिक्षकाला, एसटीच्या ड्रायव्हरला, पोस्टमनला. काजू फोडणाऱ्या बाईला कधी कोणी पोचवलं नव्हतं, कारण त्या बाकावरून आजवर कोणी निवृत्तच झालं नव्हतं. दर्शना पहिली. शर्मिलाने बेंजोवाले सांगून ठेवले होते. फाटकापासून आमच्या घरापर्यंत रस्ता तसा थोडा आहे, पण त्या दिवशी लोक दुकानांच्या बाहेर येऊन उभे होते. कोण निवृत्त झालं, असं एका टेंपोवाल्याने विचारलं. बायकांनी एका आवाजात नाव सांगितलं, पूर्ण, माझ्या नावासकट, आडनावासकट. मी मध्ये चालत होतो. मान वर होती. ती खाली घालावी असं मला एकदाही वाटलं नाही.

घरी ऋतुजा सकाळपासून येऊन राहिली होती. दारात रांगोळी होती. तिने ताम्हणात नीरांजन, कुंकू, अक्षता, सगळं घेतलं होतं, निवृत्त होऊन आलेल्या माणसाला ओवाळतात तसं. ती उंबऱ्यावर आली आणि तिच्या लक्षात आलं. ताम्हण हातात धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, ओवाळू कोणाक?"

 बेंजोवाले थांबले. तेव्हा शर्मिला पुढे झाली. तिने आपला उजवा हात पुढे केला, तळवा वर. इतक्या वर्षांच्या तेलाने बोटं काळी पडलेली, नखं वाकडी.

"हाताक ओवाळ," ती म्हणाली.

ऋतुजाने तिच्या तळव्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. मग शर्मिलाच्या मागच्या बाईने हात पुढे केला. मग तिच्या मागच्या. रांग अंगणातून रस्त्यापर्यंत गेली होती. कोणी घाई करत नव्हतं.

ऋतुजाला नीरांजनात दोनदा तूप घालावं लागलं.